चुंबळ ते हँडबॅग: घागरीखालची चिंधी फॅशनमध्ये कशी पोहोचली?

समुद्रातून काढलेल्या मासेमारीच्या जाळ्यांपासून बनवलेला गॉगल. प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून विणलेले बूट. लाटांच्या आकाराची, जुन्या काचेची कानातली. मोबाईलवर अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. 'टाकाऊ वस्तूंपासून बनवलेलं, पाण्यापासून प्रेरणा घेतलेलं' असं त्यांचं वर्णन असतं आणि किंमतही त्याला साजेशी असते.

आता नांदेड किंवा लातूरचा विचार करा. लातूरहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. मांजरा नदी उन्हाळ्यात कोरडी पडते. पण जुन्या कापडापासून बनवलेली, पाण्यामुळेच जन्माला आलेली आणि डोक्यावर मिरवली जाणारी एक वस्तू इथे घरोघरी होती. तिचं नाव चुंबळ.

बंजारा तांड्यांवर याच चुंबळीला कवड्या, आरसे आणि भरतकाम लागलं आणि तिचा दागिना झाला. आज तसेच जुने तुकडे कापून त्यांच्या हँडबॅग शिवल्या जातात. हा प्रवास कसा झाला, त्यात नेमकं काय 'टिकाऊ' आहे आणि विकत घेताना काय पाहायचं, हे समजून घेऊया.

चुंबळ म्हणजे काय?

डोक्यावर घागर, हंडा किंवा पाटी घेताना खाली ठेवायचं कापडाचं गोल कडं म्हणजे चुंबळ. ती बनवायला पैसे लागत नाहीत. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा लांब पट्टा घ्यायचा, त्याला पीळ द्यायचा, मुठीएवढी पोकळी राहील असं कडं करायचं आणि उरलेला पट्टा त्याभोवती घट्ट गुंडाळून टोक आत खोचायचं. झाली चुंबळ. घाई असेल तर पदराचीच चुंबळ करून बायका निघतात.

घरातही तिचा उपयोग असतो. माठाचं किंवा रांजणाचं बूड गोल असतं, ते सपाट जमिनीवर कलंडतं. म्हणून त्याखाली चुंबळ ठेवतात.

कापडच का? लाकडाचं कडं का नाही?

यामागे साधं गणित आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पंधरा लिटरची घागर भरली की पाण्याचेच पंधरा किलो होतात, भांड्याचं वजन वेगळं. गोल बुडाची घागर थेट डोक्यावर ठेवली तर सगळा भार टाळूच्या एका लहानशा जागेवर येतो. चुंबळीमुळे तो कड्याच्या पूर्ण गोलावर पसरतो. मधल्या पोकळीत घागरीचं बूड बसतं, त्यामुळे ती घसरत नाही.

कापड दाबलं जातं आणि डोक्याचा आकार घेतं. लाकूड किंवा धातू तसं करत नाही. घागरीतून हिंदकळून सांडलेलं थोडं पाणी कापड शोषून घेतं, एप्रिलच्या उन्हात तेवढाच गारवा. जितकं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड, तितकी चुंबळ चांगली. म्हणजे इथे जुनं कापड केवळ परवडतं म्हणून वापरलेलं नाही, या कामाला तेच सरस ठरतं.

आजच्या भाषेत याला 'अपसायकलिंग' म्हणतील. टाकून द्यायच्या वस्तूला वितळवून किंवा दळून पुन्हा कच्चा माल करणं म्हणजे रिसायकलिंग. ती वस्तू फारशी न मोडता तिच्यातून जास्त उपयोगाची किंवा जास्त मोलाची वस्तू करणं म्हणजे अपसायकलिंग. हा शब्द जर्मन अभियंता रायनर पिल्झ यांच्या १९९४ मधल्या एका मुलाखतीपासून प्रचारात आला असं मानलं जातं. गोधडी आणि चुंबळ शिवणाऱ्या बायकांना अर्थातच त्या शब्दाची वाट पाहावी लागली नाही.

तांड्यावर चुंबळीचा दागिना कसा झाला?

नांदेड जिल्ह्यात किनवट, माहूर, मुखेड, कंधार आणि लातूर जिल्ह्यात अहमदपूर, जळकोट या भागांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. मराठवाड्यात त्यांना लमाणही म्हटलं जातं. त्यांची बोली गोरबोली.

बंजारा बाईचा पारंपरिक पोशाख म्हणजे घेरदार फेटिया, आरशांची कांचळी आणि डोक्यावरून घेतलेली ओढणी. या पोशाखात चुंबळही सजली. दोरी किंवा चिंध्यांचं कडं, त्यावर घट्ट भरतकाम आणि कडेने शिवलेल्या कवड्या. अनेक ठिकाणी या कड्याला एक चौकोनी तुकडाही जोडलेला असतो. डोक्यावर घागर घेतली की तो चौकोन मागे मानेवर रुळतो. चालणाऱ्या बाईला तो दिसत नाही, तिच्या मागून येणाऱ्या बायकांना मात्र दिसत राहतो.

तांड्यावर या वस्तूंसाठी 'फुलिया' आणि 'गणो' ही नावं ऐकू येतात. प्रांतागणिक नाव आणि उच्चार बदलतो. राजस्थानी आणि हिंदी भागात चुंबळीला इंढोणी म्हणतात, संग्रहालयांच्या नोंदींतही हेच नाव अनेकदा आढळतं.

रोजच्या पाण्याला साधी चुंबळ चालायची. कवड्यांची चुंबळ निघायची ती लग्नात आणि सणात, पाण्याचं भांडं समारंभाने डोक्यावर घ्यायचं असेल तेव्हा. बंजारा समाजाचा तीज हा सण तर पूर्णपणे पाण्याभोवती फिरतो. श्रावणात अविवाहित मुली टोपल्यांमध्ये गहू पेरतात, नऊ दिवस त्यांना पाणी घालतात, गाणी म्हणत त्यांच्याभोवती फेर धरतात आणि शेवटी ते हिरवे अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात.

यात जुनं नेमकं काय काय असतं?

एखादा जुना तुकडा उलटून पाहिला की त्याची गोष्ट कळते.

• कापड: चौकोन बहुधा एकसंध कापडाचा नसतो. आत जुन्या कपड्यांचे थर असतात, ते धाव दोऱ्याने एकमेकांना जखडलेले असतात. गोधडीचीच ही पद्धत. थर आणि टाके जितके दाट, तितका तुकडा जाड आणि टिकाऊ.

• नाणी: बंजारा दागिन्यांत चलनातून गेलेली नाणी गुंफलेली दिसतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाचं स्वतःचं 'हाली सिक्का' हे चलन होतं. पुढच्या काळात २५ पैसे आणि त्याखालच्या नाण्यांची पाळी आली. ती ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद झाली. बाजारात बाद झालेलं नाणं गळ्यात मात्र चालू राहतं.

• आरसे: पूर्वी काचेचे छोटे तुकडे टाक्यांच्या चौकटीत बसवले जात. आता बऱ्याच ठिकाणी त्यांची जागा चकचकीत प्लॅस्टिकने घेतली आहे.

• बांगड्या: बंजारा बायकांच्या दंडापर्यंत जाणाऱ्या पांढऱ्या बांगड्या पूर्वी हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या असत. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद केला. आता त्या प्लॅस्टिकच्या असतात. म्हणजे 'पारंपरिक' वस्तूतलं साहित्यही काळाप्रमाणे बदलत आलं आहे.

समुद्रातली कवडी इथे कशी आली?

कवडी म्हणजे एका छोट्या समुद्री गोगलगाईचं कवच. भारतात वापरल्या जाणाऱ्या कवड्यांचा मोठा साठा मालदीव बेटांवरून येत असे. शेकडो वर्षं त्या भारताच्या अनेक भागांत सुट्ट्या पैशांसारख्या चालल्या.

बंजारा हे बैलांच्या तांड्यावरून धान्य आणि मीठ वाहून नेणारे व्यापारी. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला, अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. किनाऱ्यावरचं मीठ दख्खनच्या आत पोहोचवणाऱ्यांच्या कपड्यांवर किनाऱ्यावरची कवडी दिसावी, यात नवल नाही.

मराठवाड्यात कवडीचं दुसरं घर म्हणजे देवीचं ठाणं. तुळजापूरची भवानी आणि नांदेड जिल्ह्यातल्या माहूरची रेणुका यांचे गोंधळी आणि आराधी कवड्यांची माळ घालतात.

भाषेत मात्र कवडीचा भाव पडला. सोयाबीन 'कवडीमोल' गेलं असं आपण म्हणतो, कुणाकडे 'फुटकी कवडी' नसते. एकेकाळचा पैसा आज 'काहीच किंमत नाही' या अर्थाने उरला. आणि गंमत म्हणजे हीच कवडी शहरातल्या बॅगवर शिवली की बॅगेची किंमत वाढते.

मग ही कला मागे का पडली?

कारणं एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं कारण व्यापार. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तशी बैलांच्या तांड्यांची गरज संपत गेली. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर शिक्का मारला. बंजाऱ्यांचे काही गटही त्यातून सुटले नाहीत. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. ओळख दाखवणारा पोशाख अंगावर घालणं अशा काळात सोपं नव्हतं.

दुसरं कारण वेळ. तांड्यांवरची अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परततात. कोयता हातात असताना सुई धरायला फुरसत नसते. चुंबळ मात्र तिथेही असते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना खाली तेच जुन्या कापडाचं कडं असतं.

तिसरं कारण खुद्द पाणी. प्लॅस्टिकची हलकी घागर आली, हातपंप आला, टँकर आला, काही घरांत नळ आला. पाण्यासाठी डोक्यावरून चालायचं अंतर कमी झालं तशी सजवलेल्या चुंबळीची जागाही आक्रसली.

आणि ही शेवटची गोष्ट चांगलीच आहे. युनिसेफने २०१६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगभरातल्या बायका आणि मुली पाणी आणण्यात रोज मिळून २० कोटी तास घालवतात. त्याच वर्षी लातूरने काय पाहिलं ते आठवा. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू केली होती. ११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे निघाली आणि सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून १२ तारखेला लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं. पंधरा लिटरच्या घागरीने मोजलं तर साधारण ३३ हजार घागरी. त्यातली प्रत्येक घागर शेवटी कुणीतरी उचलून घरात नेली.

त्यामुळे डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचं चित्र कितीही सुंदर दिसलं तरी तिच्या मानेवरचा भार खरा आहे. तो जायलाच हवा. प्रश्न एवढाच की भार गेल्यावर त्या भारातून घडलेलं कसब कुठे जाणार?

बाजारात आज काय चाललंय?

सध्या बंजारा भरतकामाला दोन वाटा फुटलेल्या दिसतात.

पहिली वाट: जुनं कापून नवं. घरोघरी ठेवलेले जुने फेटिये, कांचळ्या, चुंबळीचे चौकोन फेरीवाले आणि व्यापारी विकत घेतात. त्यांचे तुकडे करून बॅगा, पट्टे, चपला आणि पाकिटं शिवली जातात. लेबलवर 'रिसायकल्ड' किंवा 'व्हिंटेज' असं लिहिलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही, कापड जुनंच असतं. पण चिंधीची चुंबळ करणं आणि चुंबळीची चिंधी करणं यात फरक आहे. पहिल्यात मोल वाढतं. दुसऱ्यात एका बाईने अनेक महिने बसून केलेली वस्तू कायमची नाहीशी होते. पैसा त्या बाईला एकदाच मिळतो, तोही जुन्या कपड्याच्या भावाने. शिवाय नवं भरतकाम करायला कुणालाच काम मिळत नाही. जुने तुकडे संपले की धंदाही संपतो.

दुसरी वाट: जुनं कसब, नवी वस्तू. याचं उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. बळ्ळारी भागातल्या संडूरमध्ये 'संडूर कुशल कला केंद्र' ही संस्था लंबाणी बायकांसोबत काम करते. 'संडूर लंबाणी भरतकाम' याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या संस्कृती गटाची बैठक झाली, तेव्हा साडेचारशेहून जास्त लंबाणी बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रम नोंदवला गेला. त्या वेळी या कलेची ओळख करून देताना सरकारने एक गोष्ट आवर्जून सांगितली: टाकून दिलेल्या कापडाचे छोटे तुकडे जोडून नवं कापड घडवणं हा या परंपरेचा गाभा आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. भौगोलिक मानांकन ठरावीक प्रदेशालाच मिळतं. त्यामुळे किनवट किंवा अहमदपूरच्या तांड्यावर केलेली वस्तू 'संडूर' नावाने विकता येत नाही. टाके सारखे असले तरी नाव वेगळं ठेवावं लागतं, आणि तसं ते ठेवायलाच हवं.

नांदेड-लातूरमध्ये काय शक्य आहे?

साहित्य हाताशी आहे. प्रत्येक घरात जुन्या साड्या आहेत. शिंप्यांकडे रोज कातरणं उरतात.

तंत्रही हाताशी आहे. चुंबळ गुंडाळायची जी पद्धत, तीच लहान करून कापडी बांगडी होते: जुन्या बांगडीवर साडीची पट्टी तिरकी गुंडाळत जायची, टोक आत शिवायचं. तीच मोठी केली की बॅगेचं कडं होतं. गोधडीच्या टाक्यांचे दोन-तीन थर एकत्र शिवले की मोबाईलची पिशवी किंवा कमरेचा पट्टा होतो. यासाठी एकही जुना फेटिया कापावा लागत नाही.

विक्रीचे काही सरकारी मार्गही आहेत. राज्याच्या 'उमेद' अभियानातले बचत गट 'महालक्ष्मी सरस' सारख्या प्रदर्शनांत माल विकू शकतात. हस्तकला कारागिरांना केंद्र सरकारचं 'पहचान' ओळखपत्र मिळतं, त्यामुळे काही योजनांचा लाभ घेता येतो. अडचण येते ती वेळेची: ऊसतोडीचा हंगाम आणि प्रदर्शनांचा हंगाम अनेकदा एकाच वेळी येतो.

विकत घेताना कोणते प्रश्न विचाराल?

जगभर पुनर्वापराच्या फॅशनचा बोलबाला आहे. इटलीची अ‍ॅक्वाफिल कंपनी २०११ पासून जुनी जाळी आणि गालिचे यांपासून 'इकोनिल' नावाचं नायलॉन बनवते. अशा मालाचा हिशेब कारखान्यात ठेवता येतो. हाताने केलेल्या वस्तूचा हिशेब आपल्याला विचारूनच मिळतो. म्हणून हे पाच प्रश्न:

१. नक्षी मध्येच तुटली आहे का? फूल अर्धं, कवड्यांची ओळ अर्धवट आणि कडेला मशीनची शिलाई असेल, तर जुना तुकडा कापलेला असण्याची शक्यता जास्त.

२. 'जुनं' म्हणजे काय जुनं? कापड जुनं आहे की भरतकाम? जुन्या कापडावर नवं भरतकाम असेल तर कारागिराला काम मिळालेलं असतं.

३. कुणी केलं आणि कुठे? विक्रेत्याला गावाचं किंवा गटाचं नाव सांगता यायला हवं. 'ट्रायबल' किंवा 'एथनिक' हे उत्तर नाही.

४. कवडी आणि आरसा खरा आहे का? खऱ्या कवडीचे दात असमान असतात, दोन कवड्या हुबेहूब सारख्या नसतात. प्लॅस्टिकच्या एका साच्यातून निघालेल्या असतात.

५. आत काय आहे? बाहेर सुती भरतकाम आणि आत फोम व रेक्झिन असेल, तर 'पर्यावरणपूरक' हे लेबल अर्धंच खरं.

एक सल्ला विकणाऱ्यांसाठीही. घरात आजीचा फेटिया किंवा कवड्यांची चुंबळ असेल तर फेरीवाल्याला देण्याआधी तिचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा. कुठला टाका कुठे आहे हे आजीला विचारून लिहून ठेवा. वस्तू गेली तरी नमुना घरात राहील, आणि नमुना असेल तर वस्तू पुन्हा करता येते.

थोडक्यात

चुंबळ ही पाण्याच्या ओझ्याने घडवलेली आणि जुन्या कापडाने शक्य केलेली वस्तू. तांड्यावरच्या बायकांनी त्या ओझ्यालाच कवड्या लावल्या. नळ प्रत्येक दारात येवो आणि डोक्यावरची घागर कायमची उतरो, यात कुणाचंच दुमत नसेल. घागर उतरल्यावर रिकाम्या झालेल्या हातांना सुई-दोऱ्याचे योग्य पैसे मिळाले, तर त्या बॅगेवरचं 'टिकाऊ' हे लेबल खरं ठरेल.